हळद, आवळा, जांभूळबी : मधुमेहात किडनी आणि डोळे वाचतात ते कशाने?

घरात कुणाला शुगर निघाली, की आठवडाभरात सल्ल्यांची रीघ लागते. जांभळाच्या बियांची पूड अनशापोटी घ्या, मेथी रात्री भिजत घाला, कारल्याचा रस प्या, हळद-आवळा एकत्र करा, गुळवेलीचा काढा विसरू नका. हे सल्ले पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. अलीकडे त्यांना एका नव्या शब्दाची जोड मिळाली आहे : अँटिऑक्सिडंट. चूर्णाच्या डब्यावर, कॅप्सूलच्या बाटलीवर, मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत हा शब्द असतोच, आणि त्यासोबत किडनी, डोळे, नसा यांच्या रक्षणाचं आश्वासनही असतं.

हा प्रश्न थोड्याथोडक्या लोकांचा नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाठबळाने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. प्रौढांमधलं सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळलं, २६.४ टक्के. मधुमेहाची खरी भीती त्या दिवशीच्या साखरेच्या आकड्याची नसते. वाढलेली साखर वर्षानुवर्षं किडनी, डोळ्याचा पडदा, पायाच्या नसा आणि हृदय पोखरत राहते, आणि बराच काळ दुखत-खुपत काही नाही. वनस्पती हे पोखरणं थांबवू शकतात का, एवढाच मुद्दा इथे तपासायचा आहे.

साखर अवयवांना इजा करते कशी

शरीरातल्या बहुतेक पेशी रक्तात साखर वाढली तर आत घेण्याचं प्रमाण आवरतात. काही पेशींना ते जमत नाही. डोळ्याच्या पडद्यातल्या केशवाहिन्यांचं अस्तर, किडनीतल्या गाळण्यांमधल्या मेसँजियल पेशी आणि नसांच्या पेशी या त्या कमनशिबी पेशी. रक्तात साखर जास्त, तर त्यांच्या आतही जास्त. मधुमेह नेमका याच तीन ठिकाणी आधी का घाव घालतो, याचं हे मोठं कारण आहे.

पुढे काय होतं याची सलग मांडणी अमेरिकेतले संशोधक मायकेल ब्राउनली यांनी २००१च्या सुमारास केली. पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियामध्ये जास्तीची साखर जळू लागली, की काही इलेक्ट्रॉन ठरलेल्या वाटेवरून निसटतात आणि थेट ऑक्सिजनला चिकटतात. त्यातून सुपरऑक्साइड नावाचं मुक्त मूलक तयार होतं. त्यामुळे साखर पचवण्याची नेहमीची वाट मध्येच अडते आणि तुंबलेली साखर चार आडवाटांना लागते. एका वाटेने पेशीत सॉर्बिटॉल साठतं. दुसरीने साखर प्रथिनांना कायमची चिकटते आणि ती ताठर, निकामी होतात. उरलेल्या दोन वाटा पेशीला चुकीचे रासायनिक संदेश देतात, त्यामुळे वाहिन्यांच्या भिंती जाड होतात आणि गळू लागतात. साखर प्रथिनाला चिकटते हे आपण दर तीन महिन्यांनी मोजतोच : एचबीएवनसी म्हणजे साखर चिकटलेल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण.

एका किडनीत साधारण दहा लाख गाळण्या असतात. त्यातली बरीच बंद पडली, तरी उरलेल्या जास्त भार उचलून काम निभावतात. म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन वाढेपर्यंत पुष्कळ नुकसान होऊन गेलेलं असतं.

नुकसानीच्या मुळाशी मुक्त मूलकं आहेत म्हटल्यावर ती निष्प्रभ करणारी अँटिऑक्सिडंट द्या, हा विचार ओघानेच आला. तर्क सरळ होता. शरीर मात्र त्या तर्काप्रमाणे वागलं नाही.

वनस्पतींमधली रसायनं पोटात गेल्यावर

जांभळाचा आणि कोकमाचा रंग अँथोसायनिनमुळे, हळदीचा कुर्क्युमिनमुळे. आवळ्यात क जीवनसत्त्व आणि टॅनिन भरपूर. नाचणीची पॉलिफेनॉलं बहुतेक तिच्या सालीत असतात. झाडाला ऊन, कीड, बुरशी यांपासून पळून जाता येत नाही, म्हणून ते ही रसायनं बनवतं.

परीक्षानळीत ही रसायनं मुक्त मूलकांना झटकन निष्प्रभ करतात. त्यावरून पदार्थांची क्रमवारी लावायची पद्धत निघाली आणि अमेरिकेच्या कृषी खात्याने तसे तक्ते प्रसिद्धही केले. २०१२ मध्ये त्याच खात्याने ते मागे घेतले. परीक्षानळीतल्या आकड्यांवरून शरीरातला परिणाम सांगता येत नाही, आणि या आकड्यांचा वापर माल खपवण्यासाठी होतो आहे, असं कारण त्यांनी दिलं. आजही एखाद्या डब्यावर ‘अमुकपट अँटिऑक्सिडंट शक्ती’ असं छापलेलं दिसतं. तो आकडा परीक्षानळीतला आहे, हे ध्यानात ठेवावं.

आतड्यातून ही रसायनं फार थोडी शोषली जातात. जी शोषली जातात त्यांचं रूप यकृत लगेच बदलून टाकतं. बाकीची मोठ्या आतड्यात जातात आणि तिथले जिवाणू त्यांचे तुकडे करतात. सोलापूरच्या डाळिंबातल्या एलॅजिटॅनिनचं युरोलिथिन होतं ते असंच, आणि ते कुणाच्या पोटात भरपूर होतं, कुणाच्या जवळजवळ होतच नाही. रक्तात पोचणारी मात्रा इतकी कमी असते की मुक्त मूलकांशी थेट लढाईत तिचा टिकाव लागणं कठीण.

मग उपयोग काहीच नाही का? आहे, पण वाट वेगळी आहे. यातली बरीच रसायनं पेशीला सौम्य टोचणी देतात. पेशीत एनआरएफ-टू नावाचं एक प्रथिन दबून बसलेलं असतं. टोचणी मिळाली की ते सुटतं, केंद्रकात जातं आणि ग्लुटाथायोनसारखी पेशीची स्वतःची संरक्षक यंत्रणा वाढवतं. म्हणजे आपण बाहेरून अँटिऑक्सिडंट भरत नसतो, शरीराला ते तयार करायला भाग पाडत असतो. त्यामुळे मात्रा दहापट केली तर फायदा दहापट होईल, हा हिशेब इथे लागू पडत नाही.

उंदरांवरचे प्रयोग वाचताना

‘अमुक पानांच्या अर्काने मधुमेही उंदरांच्या किडनीचं रक्षण’ अशा अर्थाचे शोधनिबंध ढिगाने आहेत, भारतातूनही पुष्कळ. त्यांच्या आधारावर जाहिराती होतात, म्हणून हे प्रयोग कसे होतात ते नीट पाहायला हवं.

उंदराला मधुमेह करण्यासाठी बहुधा स्ट्रेप्टोझोटोसिन किंवा अ‍ॅलोक्सन टोचतात. ही विषं स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारतात. अ‍ॅलोक्सन तर हे काम मुक्त मूलकं तयार करूनच करतं, आणि बीटा पेशींकडे स्वतःची अँटिऑक्सिडंट विकरं मुळातच कमी असतात. आता विष टोचण्याआधीच अर्क सुरू केला, तर तो विषालाच बोथट करतो. उंदराला मधुमेह कमी होतो, किडनीही कमी बिघडते. त्यातून अर्काने विषापासून वाचवलं एवढं सिद्ध होतं. दहा वर्षं शुगर असलेल्या माणसाच्या किडनीबद्दल त्यातून काही कळत नाही. म्हणून अर्क कधी सुरू केला, विषाआधी की मधुमेह पक्का झाल्यावर, हे मी प्रत्येक निबंधात पहिल्यांदा शोधतो.

दुसरं पाहायचं ते मात्रेकडे. मोठ्या उंदराला शरीराच्या दर किलोमागे ४०० मिलिग्रॅम अर्क देणं ही या प्रयोगांतली सर्रास दिसणारी मात्रा. माणसासाठी ती साधारण ६.२ने भागतात. ६० किलोच्या माणसाला दिवसाला जवळपास ३.९ ग्रॅम अर्क लागेल. बियांच्या पुडीतून दहा टक्के अर्क निघतो असं धरलं, तर रोज ३९ ग्रॅम पूड, म्हणजे तेराएक चमचे. घरात लोक घेतात अर्धा-एक चमचा.

जांभळाच्या पानांच्या चहाची माणसांवर नीट चाचणी झाली ती ब्राझीलमध्ये, पोर्तु अलेग्री इथे. तिकडेही मधुमेहावर हा चहा पिण्याची लोकरीत आहे. साखरेच्या बाबतीत हा चहा आणि नुसता दिखाऊ चहा यांत फरक आढळला नाही. ही चाचणी पानांची होती, बियांची नव्हे, हेही तितकंच खरं.

हळद : सर्वाधिक अभ्यासलेली वनस्पती

वाग्भटाच्या अष्टांगहृदयात प्रमेहासाठी आवळा आणि हळद या जोडीला अग्रस्थान दिलेलं आहे. आधुनिक काळातही वनस्पतींपैकी हळदीवर जेवढं काम झालं तेवढं क्वचितच दुसऱ्या कशावर झालं असेल. म्हणून तिची कहाणी सविस्तर सांगायला हवी.

हळदीच्या पुडीत कुर्क्युमिन साधारण तीन टक्के. चार माणसांच्या भाजीत अर्धा चमचा, म्हणजे दीड ग्रॅम हळद पडली, तर प्रत्येकाच्या वाट्याला अकरा-बारा मिलिग्रॅम कुर्क्युमिन येतं आणि त्यातलं रक्तात जवळजवळ काहीच पोचत नाही. १९९८ मध्ये बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी दाखवलं, की दोन ग्रॅम कुर्क्युमिनसोबत मिऱ्यातलं २० मिलिग्रॅम पिपरिन दिलं तर माणसात त्याचं शोषण वीसपट वाढतं. बाजारातल्या हळदीच्या कॅप्सूलमध्ये मिऱ्याचा अर्क असतो तो यामुळे.

किडनीचं काय? २०११ मध्ये इराणमधल्या शिराझ इथे ४० मधुमेही किडनीरुग्णांवर एक छोटी चाचणी झाली. रोज तीनदा ५०० मिलिग्रॅम हळद, दोन महिने. लघवीतून जाणारं प्रथिन कमी झालं. निकाल आशा वाटावी असाच होता, आणि त्याचा हवाला आजही जागोजागी दिला जातो. पण ४० माणसं आणि दोन महिने हा पुरावा नव्हे, तपासून पाहण्याजोगी शक्यता फक्त.

ती तपासून पाहिली कॅनडाने. १६ किडनी केंद्रांतल्या ५१९ रुग्णांना चांगलं शोषलं जाईल असं सूक्ष्मकणी कुर्क्युमिन किंवा दिखाऊ गोळी सहा महिने दिली. लघवीतलं अल्ब्युमिन आणि किडनीची गाळण्याची क्षमता, दोन्हींत फरक पडला नाही. शिराझच्या निकालाची बातमी होते, कॅनडाच्या निकालाची होत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणखी एक बाजू आहे. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजांची नोंद ठेवणाऱ्या संशोधकांना हळदीच्या पूरकांमुळे झालेली यकृताची तीव्र इजा आढळली, एका रुग्णाचा त्यात मृत्यूही झाला. त्यातल्या काही उत्पादनांत पिपरिन होतं. भाजीतल्या हळदीला यातलं काही लागू नाही. शोषण वाढवलेली कॅप्सूल ही वेगळी वस्तू आहे, तिच्याकडे औषध म्हणूनच पाहायला हवं.

मोठ्या चाचण्यांनी शिकवलेलं

हळदीआधी ई जीवनसत्त्वाचीही अशीच हवा होती. हृदयविकाराचा धोका असलेल्या ९,५४१ लोकांवरच्या होप नावाच्या चाचणीत रोज ४०० युनिट ई जीवनसत्त्व दिलं गेलं. त्यात मधुमेही साडेतीन हजारांहून अधिक होते. २००० साली निकाल आला : फायदा शून्य. पुढच्या पाठपुराव्यात तर हे जीवनसत्त्व घेणाऱ्यांत हृदय निकामी होण्याचं प्रमाण थोडं वाढलेलं दिसलं. त्याच चाचणीत रॅमिप्रिल या रक्तदाबाच्या साध्या गोळीने मधुमेहींमधले हृदयाघात, पक्षाघात आणि किडनीचे गंभीर विकार सुमारे एक-चतुर्थांशाने कमी केले. अँटिऑक्सिडंटचं नाव झालं, पण रक्षण केलं ते रक्तदाबाच्या गोळीने.

बार्डोक्सोलोनची हकिगत याहून बोलकी आहे. तुळस, लवंग, ऑलिव्ह यांत सापडणाऱ्या ओलिअ‍ॅनॉलिक आम्लावरून हे औषध बेतलेलं. वर सांगितलेलं एनआरएफ-टू ते जोरात जागं करतं. सुरुवातीच्या चाचणीत किडनीचे आकडे सुधारले. मग मधुमेह आणि किडनीविकाराची पुढची अवस्था असलेल्या २,१८५ रुग्णांवर मोठी चाचणी सुरू झाली आणि २०१२च्या ऑक्टोबरमध्ये ती अर्ध्यात थांबवावी लागली. औषध घेणाऱ्या गटात हृदय निकामी होऊन इस्पितळात भरती किंवा मृत्यू ९६, दिखाऊ गोळीच्या गटात ५५. वनस्पतीजन्य, अचूक ठिकाणी काम करणारं, प्रयोगशाळेत चमकलेलं, एवढं सगळं जमूनही माणसांवर ते घातक ठरू शकतं.

वनस्पतींनी दिलेली खरी संरक्षक औषधं

यावरून वनस्पतींनी मधुमेहींना काहीच दिलं नाही असं समजू नये. फार मोलाचं दिलं आहे.

युरोपात गलेगा नावाची एक शेंगवर्गीय वनस्पती आहे. तिच्यातल्या गलेगीनने साखर उतरते, पण ते विषारी आहे. त्याच कुळातली सुरक्षित संयुगं शोधता शोधता मेटफॉर्मिन हाती आलं आणि फ्रान्सचे डॉक्टर जाँ स्टर्न यांनी १९५७ मध्ये माणसांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आज घराघरांत जी गोळी असते ती हीच.

दुसरी गोष्ट सफरचंदाच्या झाडाची. त्याच्या मुळाच्या सालीतून १८३५ मध्ये फ्लोरिझिन वेगळं काढलं गेलं. जर्मनीत फॉन मेरिंग यांनी १८८६च्या सुमारास पाहिलं, की ते दिल्यावर लघवीतून साखर जाऊ लागते. किडनी गाळलेली साखर परत आत घेते, ती वाट फ्लोरिझिन अडवतं. पण ते तोंडाने घेतलं तर आतड्यातच मोडतं आणि जुलाब होतात. रसायनशास्त्रज्ञांनी त्याची रचना बदलली आणि एकविसाव्या शतकात डॅपाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं आली.

ही औषधं किडनीच्या गाळण्यांमधला दाब कमी करतात, आणि किडनी वाचण्याचं हे मुख्य कारण मानलं जातं. २०१९ मध्ये निकाल प्रसिद्ध झालेली कॅनाग्लिफ्लोझिनची ४,४०१ मधुमेही किडनीरुग्णांवरची चाचणी फायदा स्पष्ट दिसल्यामुळे वेळेआधी थांबवली गेली. किडनी निकामी होण्यासह इतर गंभीर घटना ३० टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. भारतात डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये आणि एम्पाग्लिफ्लोझिनचं २०२५ मध्ये संपलं, तशा किमती उतरल्या. प्रत्येकाला ही औषधं चालतीलच असं नाही, काहींना मूत्रमार्गाच्या तोंडाशी जंतुसंसर्ग होतो, काहींच्या रक्तात आम्ल वाढतं. पण किडनी वाचवणारं काही झाडापासून हवं असेल, तर सफरचंदाच्या झाडाच्या सालीपासून सुरू झालेलं हे औषध आज उपलब्ध आहे.

ताटात काय असावं

भाज्या, डाळी, अख्खी धान्यं, शेंगदाणे-अक्रोड अशा आहाराचा फायदा माणसांवरच्या अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसतो. तो फायदा कुठल्या एका रसायनाचा आहे हे वेगळं काढता येत नाही, आणि काढायची गरजही नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शनात रोज ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत. आपल्याकडे दोन पोळ्या, भाताचा डोंगर आणि तोंडी लावण्यापुरती भाजी असं ताट असतं. चमचाभर चूर्णापेक्षा हे प्रमाण उलटं करणं कितीतरी उपयोगाचं. ज्वारीची किंवा नाचणीची भाकरी, वाटीभर उसळ, शेपू-मेथी-अंबाडी यांपैकी एक पालेभाजी, काकडीची कोशिंबीर.

मेथीदाण्यांचा गुण त्यांच्या बुळबुळीत तंतूत आहे, त्याने साखर शोषली जाण्याचा वेग मंदावतो. जांभूळ हंगामात मूठभर खावं, आवळा रोज एखादा खावा. मोरावळ्यात मात्र साखरच जास्त. फळं चावून खावीत, रस काढला की तंतू वाया जातो.

कुठे जपायचं

२०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला आक्षेप घेतला होता, पण यकृताचा जुना विकार असलेल्याने विषाची परीक्षा घेऊ नये. कमरख, म्हणजे स्टार फ्रूट, किडनी अशक्त असलेल्याने अजिबात खाऊ नये. त्यातलं ऑक्झलेट किडनीला आणि कॅरम्बॉक्सिन मेंदूला घातक ठरतं. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रांनीही किडनीत ऑक्झलेट साचतं, शिवाय काही ग्लुकोमीटर त्यामुळे चुकीचा आकडा दाखवतात. किडनीविकार पुढे गेलेला असेल तर नारळपाणी आणि भाज्या-फळांचे रस यांतलं पोटॅशियमही जड जातं.

ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना कारल्याचा रस, गुडमार वगैरे जोडीला घेतलं, तर साखर अचानक खाली जाऊ शकते. आणि ‘शंभर टक्के वनौषधी’ म्हणून विकलेल्या गोळ्यांमध्ये साखर उतरवणारी ॲलोपॅथीची औषधं गुपचूप मिसळलेली सापडल्याचे प्रकार अनेक देशांत घडले आहेत. निनावी पुडीने साखर झपाट्याने उतरली, तर आनंद नको, चौकशी करावी.

सगळ्यात मोठा धोका मात्र पुडीत काय आहे याचा नसतो. पुडीच्या भरवशावर गोळ्या बंद होतात, तपासण्या टळतात आणि वर्ष-दोन वर्षं निघून जातात, त्याचा असतो. साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवण्याचा फायदा किती, हे तर पक्कं ठाऊक आहे. १९९३ मध्ये पूर्ण झालेल्या अमेरिकी चाचणीत १,४४१ टाइप-वन मधुमेहींपैकी ज्यांची साखर काटेकोर राखली, त्यांच्यात डोळ्याच्या पडद्याचा विकार नव्याने होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. कुठल्याही अर्काच्या नावावर याच्या जवळपास जाणारा निकाल नाही.

वर्षातून एकदा एवढं कराच

लघवीतल्या अल्ब्युमिनची चाचणी करा. क्रिएटिनिनच्या तुलनेत काढलेला तो आकडा ३०च्या आत असायला हवा. किडनी बिघडू लागल्याचं रक्ताच्या आधी बहुतेकदा लघवीत कळतं. सोबत क्रिएटिनिनवरून काढलेली गाळण्याची क्षमता, बाहुली मोठी करून डोळ्याच्या पडद्याची तपासणी, आणि अनवाणी पायांची संवेदना. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल आणि पायांना मुंग्या येत असतील, तर बी-१२ही पाहून घ्या. मेटफॉर्मिनने ते कमी होतं आणि त्याची लक्षणं मधुमेहाच्या नसविकारासारखीच दिसतात.

डॉक्टरांकडे पुढच्या खेपेला जाताना घरातला चूर्णाचा डबा, काढ्याची बाटली, कॅप्सूल, जे काही चालू असेल ते पिशवीत घालून न्या आणि टेबलावर ठेवा. रागावतील म्हणून लपवू नका. आणि लघवीतल्या अल्ब्युमिनची चाचणी गेल्या वर्षभरात झाली नसेल, तर ती त्याच दिवशी लिहून मागा.